वर पाहा, पण तोंड मिटून

"वर पाहा, पण तोंड मिटून!"

आमच्या कॉलेजच्या फाटकातून आत येणाऱ्या माणसाचं स्वागत कित्येक वर्षं या वाक्यानं व्हायचं. वाक्य प्राणिशास्त्राच्या मॅडमचं. ते म्हणताना त्यांच्या एका हातात उघडी छत्री असायची, दुसऱ्या हाताचं बोट आभाळाकडे, आणि चेहऱ्यावर असा आनंद, की वरच्या फांदीवर त्यांच्या माहेरचं कोणी येऊन बसलंय असं वाटावं.

मी हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं ते जरा उशिराच. नोकरीच्या मुलाखतीला आलो होतो. अंगात मेव्हण्याचा क्रीम रंगाचा शर्ट. चिंचेच्या झाडाखालून चाललो होतो, आणि वरून खांद्यावर पचकन काहीतरी पडलं. वर पाहिलं तर झाडाला पानांपेक्षा पक्षी जास्त. रुमालानं पुसायला गेलो तर डाग होता त्याच्या तिप्पट पसरला. तेवढ्यात ते वाक्य कानावर आलं आणि ही छत्री डोक्यावर.

"मुलाखतीले आले का?"

"हो."

"विषय?"

"कॉमर्स."

"मग झाली तुमची निवड. ज्याच्या अंगावर पडते ना, त्याचीच होते इथी. बिनधास्त जा."

आणि खरंच झाली हो! पुढे कितीतरी वर्षं ही हकिकत मी बायकोच्या माहेरी भक्तिभावानं सांगत असे. मग एका लग्नाच्या पंगतीत शेजारी एक गृहस्थ बसले. बोलता बोलता कळलं, की ते त्याच दिवशी त्याच मुलाखतीला आले होते. त्यांच्याही खांद्यावर पडलं होतं, आणि त्यांनाही मॅडमनी हेच सांगितलं होतं. ते आता राजुऱ्याला कापडाचं दुकान चालवतात. मी दुसऱ्या दिवशी मॅडमना जाब विचारला. त्या जराही ओशाळल्या नाहीत. म्हणाल्या, "मग काय सांगू? रडवेलं तोंड घेऊन आत जाऊ देऊ का कोणाले?"

आमचं कॉलेज चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावाहून गडचिरोलीकडे जाणाऱ्या रस्त्याला, एका जुन्या तलावाच्या पाळीला लागून आहे. जाड दगडी भिंती, सागवानी खांब, वर कवेलूंचं छप्पर. कोणी म्हणतं, इथं पूर्वी जंगलखात्याचा लाकडाचा डेपो होता; कोणी म्हणतं, राजाची कचेरी होती. मी पाहुण्यांना कचेरी सांगतो. या टापूतल्या कितीतरी घरांतला पहिला पदवीधर याच कुरकुरणाऱ्या जिन्यानं खाली उतरला. पण गावाला विचाराल तर कॉलेज म्हणजे फाटकापासून इमारतीपर्यंतच्या चिंचा. इमारतीपेक्षाही जुन्या. पावसाळा लागला, धानाच्या बांध्यांत पाणी साचलं, की या चिंचांवर बगळे आणि उघड्या चोचीचे करकोचे घरटी करायला उतरतात. बघता बघता झाडं पांढरी होतात, रस्ताही पांढरा होतो, आणि आमचा स्टाफ तर विचारूच नका. वास असा, की आमच्या कॉलेजचा माणूस एस.टी.त चढला तर लोक खिडकी उघडतात.

त्यामुळे छत्र्या. पाऊस थांबला की सारं गाव छत्र्या मिटतं. आम्ही त्या तेव्हा उघडायचो. स्वच्छ उन्हात कोणी काळी छत्री घेऊन निघालं, की पानठेल्यावरून हाक यायची, "काऊन भाऊ, कॉलेजात का?"

या छत्र्यांचा एक लोखंडी ड्रम फाटकाशी ठेवलेला असायचा. ज्याला लागेल त्यानं काढावी, इमारतीशी पोचल्यावर तिथल्या दुसऱ्या ड्रममध्ये टाकावी. व्यवस्था मॅडमची. त्यांचे अब्बा मशिदीच्या गल्लीत छत्र्या दुरुस्त करायचे. लोक छत्री दुरुस्तीला टाकतात आणि विसरतात. अब्बांच्या दुकानात अशा बेवारस छत्र्यांचा ढीग साचलेला. तो मॅडमनी कॉलेजात आणला. "मी छत्रीच्या काड्यांवर शिकली," त्या म्हणायच्या, "कॉलेजले काही द्याचं म्हटलं तर दुसरं काय देऊ?"

त्या काळात लोक छत्रीवर पांढऱ्या रंगानं आपलं नाव लिहून घेत. त्यामुळे आम्ही सगळे दुसऱ्याच कोणाच्या नावाखाली फिरायचो. मी एका रेशन दुकानदाराच्या छत्रीखाली उमेदवारीची वर्षं काढली. एक दिवस बी.कॉम.चा एक पोरगा भर रस्त्यात थांबला. "सर, हे तर आमच्या आबाचं नाव हाय!" घरी सगळे ती छत्री चोरीला गेली समजत होते. मी ती त्याला देऊ लागलो, तर मॅडम मागून ओरडल्या, "राहू द्या, कॉमर्सवाले! आबाले म्हणा, इथी ये अन् आपल्या छत्रीखालून एक चक्कर मार." आबा खरंच आले. चक्कर मारली, वर पाहिलं, तोंड मिटून. छत्री ड्रममध्ये परत ठेवून गेले.

मॅडमचा तास म्हणजे काय, ते तुम्ही पाहायला हवं होतं. खडू हातात, फळ्यावर बेडकाचं हृदय अर्धं काढलेलं, आणि बाहेर पंखांची फडफड झाली की मॅडम खिडकीशी. "आला, आला! पाय पाहा त्याचे, पाय! उतरताना पाय कसे सोडते पाहा!" मागोमाग सगळा वर्ग खिडकीशी. शेजारच्या खोलीत मी घसारा शिकवत असायचो. भिंतीपलीकडून "आला, आला" ऐकू आलं, की माझी पोरंही उठायची, आणि घसाऱ्याची एकट्यानं सोबत करण्यात अर्थ नसल्यामुळे मीही उठायचो. कॉलेजभर ही सवयच लागून गेली होती. फडफड ऐकली, की हातातलं काम जागच्या जागी थांबायचं आणि माना वर व्हायच्या. तोंडं मात्र मिटलेली. शिस्त म्हणजे शिस्त.

वाऱ्यावादळात पिल्लं खाली पडायची. ती मॅडम टोपलीत घालून स्टाफरूममध्ये आणायच्या. तलावावर मासे धरणारी ढिवरीण बाई त्यांच्यासाठी बारीक मासोळी द्यायची. एकदा मी उत्तरपत्रिका तपासत होतो, शेजारी टोपलीत बगळ्याचं पिल्लू. मी जरा जोरात शिंकलो. बगळ्याचं पिल्लू घाबरलं की पोटातलं सगळं बाहेर टाकतं, हे वाणिज्य शाखेत शिकवत नाहीत. एका मुलाच्या ताळेबंदावर अर्धी पचलेली बेडकी येऊन पडली. मॅडमनी चष्मा सरकवून पाहिलं. म्हणाल्या, "याचा ताळेबंद जुळला नाई वाटते. पिलालेही समजलं."

घरी माझ्या शर्टांवरून महाभारत. "तुम्ही कॉलेजात शिकवता का फांदीवर बसता?" बायकोचा रोजचा प्रश्न. शेवटी एक दिवस ती स्वतःच कॉलेजात निघाली, मॅडमशी भांडायला. मी घाबरून लायब्ररीत लपलो. बराच वेळ झाला तरी आरडाओरडा नाही, म्हणून खिडकीतून डोकावलो. दोघी एका छत्रीखाली उभ्या, दोघींच्या माना वर. संध्याकाळी बायको घरी आली ती सांगतच, "अहो, ती पिल्लं काय भांडतात हो घासासाठी! अगदी आपली दोघं!" त्या दिवसापासून माझा एक जुना शर्ट कपाटात वेगळा टांगला गेला. तो बगळ्यांचा शर्ट.

असं सगळं सुरळीत चाललं होतं, आणि विद्यापीठाची समिती येणार असं कळलं.

आमचे तेव्हाचे प्राचार्य माणूस चांगला. पण कॉलेजचं नाव व्हावं या काळजीनं त्यांची झोप उडालेली. भिंती रंगवल्या, कुंड्या आणल्या, खालच्या मजल्यावर नवं बेसिन बसवलं. मग त्यांची नजर चिंचांवर गेली. त्यांनी लाकूडतोड्याला निरोप धाडला, रस्त्यावरच्या सगळ्या फांद्या उतरवायच्या.

दिवस भाद्रपदाचे. घरटी पिल्लांनी भरलेली. एकालाही धड उडता येत नव्हतं. फांदी उतरली, की पिल्लं खाली आणि खाली कुत्री. शिवाय एकदा घरटी मोडली की पक्षी पुढच्या वर्षी त्या झाडाकडे फिरकतील याची खात्री नाही. मॅडमचं ते निवृत्तीआधीचं वर्ष.

मॅडम प्राचार्यांच्या खोलीत गेल्या. मी स्टाफ प्रतिनिधी म्हणून मागे उभा; म्हणजे दार अर्धं उघडं ठेवून.

"सर, वर आमच्या प्रयोगशाळेत चला. खिडकीतून घरटी समोरासमोर दिसतात. पाच मिनिटं पाहा, मग जे म्हणाल ते."

"मॅडम, समिती पक्षी पाहायले नाई येऊन राह्यली! अध्यक्षांच्या कोटावर पडलं तर? सात पिढ्या नाव निघेल कॉलेजचं."

"अन् नाई पडलं तर?"

"म्हणजे?"

"एक थेंब नाई पडू देणार सर. पडला, तर दुसऱ्या दिवशी फांद्या तोडा. मी काही म्हणणार नाई. नाई पडला, तर पिलं उडेपर्यंत हात लावाचा नाई."

प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं, सवयीनं. "बरं," ते म्हणाले, "पण एकही नाई."

आता पाहा, मागच्या बाजूनं यावं तर तलाव भरून तिकडची वाट पाण्याखाली. रस्ता एकच, चिंचांखालचा. पण मॅडमचा हिशोब पक्का होता. भर दुपारी पक्षी सुस्तावतात, झाडावर हालचाल कमी असते. पाहुणे त्याच वेळी आणायचे. आणि वर छत करायचं, छत्र्यांचं! फाटकापासून पायऱ्यांपर्यंत पोरापोरींच्या दोन रांगा, प्रत्येकाच्या हातात छत्री, छत्रीला छत्री भिडलेली. अध्यक्ष त्या बोगद्यातून चालत येतील आणि म्हणतील, वा, काय स्वागत आहे!

तालमी सुरू झाल्या. काय उत्साह त्या पोरांचा! ज्यांनी कधी माझ्या तासाला हजेरी लावली नाही, ते सकाळी छत्री घेऊन हजर. गावातल्या लोकांनी घरातल्या छत्र्या पाठवल्या. अब्बांनी म्हातारपणी पुन्हा दुकान उघडून मोडक्या काड्या बसवून दिल्या. मला वळणावरची जागा मिळाली, कारण तिथं उंच माणूस लागत होता. पहिल्याच तालमीत माझ्या छत्रीची काडी उपप्राचार्यांच्या कानात गेली. तिसऱ्या तालमीत मात्र मॅडम बोगद्यातून धावत गेल्या आणि पलीकडून दोन्ही हात वर करून ओरडल्या, "पदरावर एक ठिपका नाई! पाहा, पाहा!" आम्ही टाळ्या वाजवल्या. टाळ्यांसाठी छत्र्या खाली घेतल्यामुळे बऱ्याच जणांवर ठिपके पडले, पण ते चालून गेलं.

समितीचा दिवस उजाडला. सकाळी पाऊस झाला, मग कडक ऊन पडलं. दुपार झाली, बोगदा तयार. पाहुण्यांचा पत्ता नाही. फोन आला, रेल्वे फाटकावर कोळशाची मालगाडी बंद पडली आहे, समितीची गाडी पलीकडे अडकली. आम्ही उभे. पोरं हात बदलून बदलून छत्र्या धरतायत. मॅडम एकदा सूर्याकडे पाहतायत, एकदा झाडाकडे. दुपार कलायला लागली. म्हणजे आता पक्षी धानाच्या बांध्यांतून चारा घेऊन परतणार, पिल्लं ओरडणार, झाड जागं होणार.

"कॉमर्सवाले," त्या हळूच म्हणाल्या, "मले भेव लागून राह्यला."

त्यांच्या तोंडून हे वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. तेवढ्यात गाडी आली.

अध्यक्ष उतरले. करडा कोट, सोनेरी काड्यांचा चष्मा. प्राचार्य पुढे, मॅडम बाजूला, आणि मंडळी बोगद्यात शिरली. वर टप टप वाजत होतं, पण आत एक थेंब नाही. अध्यक्ष खूश. "फार अभिनव!" ते म्हणाले. अर्धा रस्ता संपला. माझं वळण आलं. मी छत्री दोन्ही हातांनी धरून उभा.

आणि वर फडफड झाली.

मोठा करकोचा उतरत होता. पंख पसरून, पाय खाली सोडून, चोचीत हा एवढा गोगलगायीचा शंख धरून. सगळं घरटं ओरडायला लागलं. बस! इतक्या वर्षांची सवय. दोन्ही रांगांतल्या सगळ्या छत्र्या एका वेळी मागे कलल्या आणि सगळ्या माना वर झाल्या. मॅडमची मान वर. माझी मान वर. तो बोगदा जणू डबीच्या झाकणासारखा उघडला. सगळे काय पाहतायत म्हणून अध्यक्षांनीही वर पाहिलं. आश्चर्यानं त्यांचं तोंड उघडलं.

"सर, तोंड!" मॅडम ओरडल्या.

अध्यक्ष शिकलेले गृहस्थ. त्यांनी ताबडतोब तोंड मिटलं. त्यामुळे जे पडलं ते चष्म्यावर पडलं.

प्राचार्यांनी मॅडमकडे पाहिलं. "उद्या," एवढंच म्हणाले. मॅडमनी मान हलवली. दिलेला शब्द होता. त्यांच्या हातातली छत्री मिटली तरी त्यांना कळलं नाही. उन्हात, त्या झाडाखाली, त्या तशाच उभ्या राहिल्या. पोरं रडायच्या बेताला आली.

अध्यक्षांना तोंड तर धुवायला हवं. खालच्या नव्या बेसिनला नळाचं पाणीच जोडलेलं नव्हतं. ते पाहण्यासाठी होतं. मग सगळी वरात सागवानी जिन्यानं वर, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत. अध्यक्ष बेसिनवर वाकले, तोंडाला साबण लावला. प्राचार्य टॉवेल घेऊन शेजारी उभे राहिले. शेजारी म्हणजे खिडकीत. इतक्या वर्षांत ते त्या खिडकीत कधी आले नव्हते. समोर हाताच्या अंतरावर चिंचेची फांदी, फांदीवर घरटं. दुसरीकडे पाहायला जागाच नव्हती.

घरट्यात करकोचा उभा होता. दोन्ही पंख अर्धवट उघडून, मान खाली घालून, हलत नाही, डुलत नाही. ऊन त्याच्या पाठीवर आणि त्याच्या सावलीत पिल्लं.

"हा काऊन असा उभा आहे?" प्राचार्यांनी विचारलं.

मॅडम दारात होत्या. आवाज बसला होता त्यांचा. "ऊन लागते ना सर पिलांले. छत्री धरून राह्यला."

"अन् त्याले ऊन नाई लागत?"

"लागते ना."

"किती वेळ राह्यते असा?"

"ऊन उतरेपर्यंत. दोघं पाळीपाळीनं उभे राह्यतात. तो पाहा, दुसरा आला."

बेसिनवरून साबणाचा हात पुढे आला. "प्राचार्य, टॉवेल."

प्राचार्य हलले नाहीत. नव्या आलेल्या पक्ष्यानं पंख उघडले, मग पहिल्यानं मिटले. पिल्लांवर उन्हाचा कवडसाही पडला नाही.

"प्राचार्य, टॉवेल! डोळ्यात साबण जातोय!"

"थांबा ना साहेब जरा," प्राचार्य म्हणाले, "ड्युटी बदलून राह्यली त्यांची!"

समितीनं आम्हाला काय दर्जा दिला ते विचारू नका. पण दुसऱ्या दिवशी लाकूडतोड्या दोर आणि कुऱ्हाड घेऊन आला, तेव्हा प्राचार्य स्वतः फाटकाशी उभे होते. हातात ड्रममधली काळी छत्री, तिच्यावर कोणा टेलरमास्तरचं नाव. "चहा घे," ते म्हणाले, "अन् दिवाळीनंतर ये." दिवाळीनंतर आला तेव्हा म्हणाले, "पुढच्या वर्षी पाहू." मॅडम माझ्या शेजारी होत्या. त्यांनी माझ्या खांद्यावर छत्रीच्या मुठीनं अशी मारली, की तो खांदा थंडीत अजून आठवण काढतो.

पुढच्या उन्हाळ्यात मॅडम निवृत्त झाल्या आणि राजुऱ्याला बहिणीकडे राहायला गेल्या. पण दर वर्षी, बांध्यांत पाणी साचलं की त्यांचा फोन यायचा. नमस्कार नाही, तब्येतीची चौकशी नाही. थेट, "आले का?"

"आले मॅडम."

"किती झाडांवर?"

मी सांगायचो. मग माझ्या बायकोची, मुलांची विचारपूस, शर्टांची विचारपूस. फोन ठेवताना, "वर पाहाल तर..."

"तोंड मिटून, मॅडम."

मागच्या हिवाळ्यात मॅडम गेल्या. मातीला आम्ही सगळे गेलो होतो, प्राचार्यही, काठी टेकत. या वर्षी बांध्यांत पाणी साचलं, तलाव चढला. सकाळी कॉलेजात शिरलो, अंगात बगळ्यांचा शर्ट, ड्रममधून छत्री घेतली. चिंच पांढरी झाली होती. एक करकोचा पाय सोडून उतरत होता. मागून पोरं ओरडली, "आला, आला!" त्यातल्या एकाही पोरानं मॅडमना पाहिलेलं नाही.

खिशातला फोन गप्प होता. मी छत्री मागे कलती केली, वर पाहिलं आणि म्हणालो, "आले मॅडम."

त्यासाठी तोंड उघडावं लागलं. त्याला इलाज नव्हता.